माझ्या अंगात देवी नव्हती

चप्पल कोल्हापुरी होती. बर्वे साहेबांनी स्वतःच्या पायातली काढून दिलेली.

"ही घ्या. अस्सल चामडं आहे. रबरी चपलेनं काही होत नसतं."

कुणीतरी ती माझ्या नाकाला लावली. नुसती लावली नाही, दाबली. मी फरशीवर बसलेले, पाठ लोखंडी कपाटाला. पदर कुठे होता माहीत नाही. हाताची बोटं आखडून पक्ष्याच्या पंजासारखी झालेली. ओठांभोवती मुंग्या. छाती अशी वाजत होती की मला वाटलं, हे सगळ्यांना ऐकू जात असणार. मी मरत होते. असं वाटत होतं, असं आज लिहिते. तेव्हा वाटत नव्हतं, ठाऊकच होतं. माणूस मरताना त्याला ठाऊक असतं म्हणतात, तसं.

आणि त्या चपलेत घामाचा वास होता. मरताना शेवटचा वास हा यावा, एवढंच मनात आलं.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंग तयार करणारा कारखाना. त्याचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. मी तिथे टायपिस्ट. खाडीकाठच्या कोळ्यांच्या घरातली, मॅट्रिक होऊन टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पास झालेली. बर्वे साहेब आमचे ऑफिस सुपरिंटेंडेंट. माणूस दुष्ट नव्हता. रजा द्यायचा, दिवाळीला चकल्या आणायचा. माझं टाइप केलेलं पत्र हातात धरून चारचौघांत म्हणायचा, "बघा, कोळ्यांची असून ऱ्हस्वदीर्घ चुकत नाही हिचं." मी हसायचे. मला ते कौतुक वाटायचं. किती वर्षं वाटायचं, ते सांगायची लाज वाटते.

तर त्या दिवशी चपलेनं काही झालं नाही. होणार कसं? मला फीट नव्हतीच आली. मग साहेबांनी माझ्याकडे वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. नवरात्र चालू होतं. ऑफिसच्या कोपऱ्यात देवीचा फोटो, पुढे नारळ, हळदकुंकवाची वाटी.

"अहो, चप्पल काय हुंगवताय! पाप लागेल. कोळ्यांची पोर आहे, नवरात्र आहे. अंगात आलंय. आणा तो नारळ इकडे."

कुणीतरी नारळ माझ्या मांडीवर ठेवला. कुंकवाचं बोट कपाळावर ओढलं, ते भुवईपर्यंत आलं. अकाउंट्सची सगळी माणसं गोळा झालेली. साहेबांनी हात जोडले, आवाज बारीक केला.

"आई, माझी पुण्याला बदली होणार का गं?"

सगळे हसले. बायकासुद्धा. डबा माझ्यासोबत खाणाऱ्या बायका.

आता जे लिहायचं आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

मी घुमले.

केसांची पिन अर्धी निघालेली, ती मीच काढून टाकली. केस पुढे घेतले. मान फिरवली. लहानपणापासून पाहिलेलं, अंगातच होतं म्हणा ते बघणं. आणि जाड आवाज काढून म्हणाले, "होईल."

हशा थांबला. एक क्षणभरच. पण थांबला. कुणीतरी चप्पल बाजूला सरकवली. कुणीतरी पाणी आणलं, पेल्यातून, दोन्ही हातांनी. मरणाच्या भीतीनं थरथरणारी टायपिस्ट त्या ऑफिसला नको होती. देवी चालत होती.

संध्याकाळी घरी आले तर आत्या ओट्यावर सुके बोंबील निवडत बसलेली. आई-बाबा लवकर गेले. मला आत्यानं वाढवलं. गावात पालखीच्या दिवशी तिच्या अंगात यायचं, आणि त्या दिवशी गावातला दारू प्यालेला बाप्याही तिच्यासमोर ताठ उभा राहायचा. बातमी माझ्या आधी पोचलेली. आमच्या आळीतला एक जण कारखान्यात पॅकिंगला होता.

"काय गो, आई आली तुझ्या अंगान?"

मी पिशवी खुंटीला लावली.

"भ्याली व्हतीस का तू?"

"हो."

"मंग आई नव्हती ती. आई येते तवा मानूस भीत नाय गो." बोंबील खाली ठेवला तिनं. "सोंग केलास. आईचा सोंग. त्या भटांच्या म्होरं."

त्या रात्री ती जेवली नाही. मी जेवले. भूक लागलेली.

यानंतर ते येतच राहिलं. डबा खाताना यायचं, पावडर लावताना यायचं. विशेषतः जिन्यावर. जिना चढताना छाती जरा जोरात चालली की माझं डोकं म्हणायचं, आलं. आणि म्हटलं की यायचंच. डोंबिवलीतल्या डॉक्टरांनी छातीचा कागद काढला, चांगला आला. "हार्ट चांगलं आहे," म्हणाले, "पण जपा. दगदग नको. धावपळ नको. जिने कमी करा. लग्न केलंत की बरं वाटेल."

मी जपायला लागले. दुसऱ्या मजल्यावर जाताना प्रत्येक वळणावर थांबायचे, पिशवीत काहीतरी शोधल्यासारखं करत. बस सुटताना दिसली तरी धावायचे नाही. पाणी भरणं सोडलं, आत्या भरायची. साठी उलटलेली बाई हंडा आणायची आणि मी तिशीतली खाटेवर नाडी धरून बसायचे. लग्नाची दोन स्थळं आली. दोन्हीकडून एकच विचारणा, "अंगात येतं म्हणे?" तो विषय तिथेच संपला.

जितकी जपायचे तितकं ते वाढायचं. आधी जिना घाबरवायचा, मग चढ, मग नुसता उकाडा. शेवटी आनंद झाला तरी घाबरायला लागले. कारण आनंदातही छाती वाजते.

ऑफिसात मात्र माझी सोय झालेली. अटॅक आला की केस सोडायचे. लोक हसत हात जोडायचे. साहेबांची बदली काही झाली नाही, पण ते म्हणायचे, "आमची देवी जरा उशिरा पावते." मी हसायचे. त्यांच्यासोबत. माझ्यावरच.

ऑफिस झाडायला हौसाबाई यायची. घाटावरची. नवरा शहाडला कारखान्यात हमाल, घर आंबिवलीच्या चाळीत. ती हसायची नाही. सगळे हसत असताना ती दाराशी झाडू आडवा धरून उभी असायची, आणि खरोखर हात जोडायची.

एकदा दुपारी मी रेकॉर्ड रूममध्ये फाइल शोधत होते. ती आत आली. दार लोटलं. पदराखालून नारळ काढला. ऑफिसातल्यासारखा गमतीचा नव्हे, विकत आणलेला, शेंडी ठेवलेला.

"बाई, माझ्या मंदीला बी असंच व्हतंय वो."

मंदा तिची मुलगी, नववीत. धावण्यात शाळेत पहिली. शर्यत जवळ आली की तिची छाती धडधडायची, हात बधिर व्हायचे, "आये, मी मरते" म्हणायची. आणि मग पळायची, आणि पहिली यायची. आता तिला ठाण्याला न्यायचं होतं, जिल्ह्याच्या शर्यतीला. मास्तर रोज घरी येत होते.

"बाप म्हनतो नको. मला कळंना. आईला इचारा की. पाठवू का नको?"

आणि ती खाली वाकली आणि तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

मी तिला उठवायला हवं होतं. म्हणायला हवं होतं, हौसाबाई, मलाही कळत नाही हो, मीही घाबरते. दोन वाक्यं होती. पण चपलेनंतर माझ्या पायांवर डोकं ठेवणारं ते पहिलं माणूस. मला ते आवडलं. खरं सांगते, फार आवडलं. तिच्या केसांचा तेलकट स्पर्श पायांना लागला आणि मी पिन काढली.

"पोरीला पळवू नको," मी जाड आवाजात म्हणाले. "तिच्या छातीत आई बसलीय. पळाली तर आई कोपेल."

हे मी मुद्दाम वाईट केलं नाही. मला तसंच वाटत होतं. छाती वाजते तर जपावं, हेच मला डॉक्टरनं सांगितलेलं. पण डॉक्टरचं म्हणणं कुणी टाळू शकतं. आईचा शब्द कोण टाळणार? माझीच भीती, आणि तिला मी देवीचा आवाज दिला.

मंदा ठाण्याला गेली नाही. पुढे शाळेतही गेली नाही. हौसाबाई दर नवरात्रात मला नारळ देत राहिली आणि मी घेत राहिले.

बरीच वर्षं गेली अशी. नंतर एक वेळ अशी आली की मला घरातून निघताच येईना. ओट्यावर यायचे, परत आत जायचे. चप्पल घालायचे, काढायचे. आत्यानं एक दिवस रिक्षा बोलावली, मला हाताला धरून आत बसवलं आणि ठाण्याला नेलं. तिथे एक डॉक्टरीणबाई मनाचे आजार बघतात असं कोळीवाड्यातल्या कुणीतरी सांगितलेलं. पूर्ण रस्ता मी सीटचा दांडा धरून होते. आत्या एकच बोलली, "सोड त्याला. रिक्षा तू नाय चालवत."

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं. मध्ये एकदाही "अगं बाई" म्हणाल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पदर खोचा."

"काय?"

"पदर खोचा आणि जागच्या जागी धावा. इथेच."

"डॉक्टर, मी मरेन."

"बघू."

मी धावायला लागले. दहा-बारा उड्यांत छाती सुरू झाली. मुंग्या आल्या. मी थांबले तर त्या खुर्चीतून उठल्या आणि माझ्यासमोर स्वतः धावायला लागल्या. चांगल्या जाड बाई, गळ्यातली नळी इकडून तिकडे उडतेय. आत्या तोंडाला पदर लावून बघत बसलेली. मी परत धावले. काय करणार? मग त्यांनी थांबून हात पुढे केला.

"माझी नाडी बघा."

मी मनगट धरलं. नुसतं पळत होतं ते.

"मी मरतेय का?"

"नाही."

"मग तुम्ही?"

माझ्या एका हातात त्यांची नाडी, दुसऱ्यात माझी. दोन्ही सारख्याच उधळलेल्या. त्यांच्या कपाळावर घाम, माझ्याही. त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं.

"शरीर जे करतंय ते चोख करतंय," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "त्याला मरण म्हणायचं हे तुम्ही शिकलात. आता उलटं शिकायचं. गोळ्या देते, त्या घ्या. पण रोज चालायचं, मग धावायचं. दम लागेपर्यंत. दम लागला की पळून घरी यायचं नाही. तिथेच थांबून बघायचं, काय होतं ते."

"आणि काही झालं तर?"

"झालं तर मला येऊन सांगा," म्हणाल्या, आणि हसल्या.

खाडीचा बांध आमच्या घरामागेच. मिठागरं बंद पडली तशी तिथे माणसं कमी. सकाळी मी तिथे जायला लागले. पहिल्या दिवशी थोडीशी धावले आणि सरळ बांधावर आडवी झाले. आकाश बघत नाडी मोजत पडले. जाळी घेऊन निघालेला एक म्हातारा थांबला.

"काय गो पोरी, कोन लागलाय पाठी?"

"कोनी नाय, काका."

"मंग पलतेस कनाला?"

खरं तर हाच प्रश्न होता. आत्या मागून आलेली, चिंबोऱ्यांची टोपली घेऊन. ती माझ्याजवळ बसली. हात लावला नाही.

"तुझा बापूस भरतीला उलटा वल्हवायचा," ती म्हणाली. "आला का छाती अशी वाजायची त्याची, भांड्यावानी. मना बाजूला बसून ऐकू यायचा. तो कधी बोल्ला नाय मरतंय म्हनून. बोलायचा, भूक लागली." मग उठली. "ऊठ. भाकरी हाय."

लगेच बरं वगैरे काही वाटलं नाही. कित्येक सकाळी अर्ध्यातून परत आले. एकदा तर रडत आले, कारण एका पोरानं "देवी पळाली, देवी पळाली" असं ओरडून सगळी आळी गोळा केली. पण बांध सुटला नाही. आधी चालणं, मग जरा धावणं, साडी गुडघ्याच्या खाली खोचून, पायात कॅनव्हासचे बूट. दम लागायचा. छाती वाजायची. घाम यायचा. हात कापायचे. म्हणजे नेमकं तेच सगळं, जे कपाटापाशी झालेलं. आणि मी उभी राहून बघायचे. आणि ते उतरायचं. समुद्राचं पाणी खाडीतून उतरतं तसं, कुणी न ढकलता. दर वेळी उतरायचं. माझ्या डोक्याला फार उशिरा पटलं. पायांना आधी पटलं.

एका सकाळी मी बांधाच्या टोकापर्यंत न थांबता गेले. तिथे कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभी होते, आणि हसत होते. एकटीच. इतक्या वर्षांत छाती वाजतेय आणि मी हसतेय, हे पहिल्यांदा.

आणि तेव्हाच मंदा आठवली.

ती पोर हे करतच होती. घाबरायची आणि पळायची, आणि पहिली यायची. कुणी न शिकवता. मला ठाण्याची डॉक्टर लागली, गोळ्या लागल्या, आत्या लागली. तिच्याकडे आधीच होतं आणि ते मी केस सोडून तिच्याकडून काढून घेतलं. मी खाली बसले. त्या दिवशीचा अटॅक धावण्यानं आला नव्हता. तोही उतरला. पण बाकीचं उतरलं नाही.

लगेच गेले का आंबिवलीला? नाही. रोज हौसाबाईला बघायचे, ती झाडायची, मी पाय वर घ्यायचे. रोज ठरवायचे. बरं व्हायला लागलेलं माणूसही भित्रं असू शकतं.

त्या वर्षी ऑफिसात टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आलेला. नवरात्रात मुंबईच्या मोठ्या ऑफिसातून कुणी साहेब तो बघायला यायचे होते. मी तेव्हा जिना न थांबता चढायचे. मुद्दाम, जवळजवळ धावत. त्या दिवशीही तशीच आले, धापा टाकत दारात उभी राहिले. कपाळावर घाम, केस थोडे सुटलेले. बर्वे साहेबांनी मला पाहिलं आणि पाहुण्याचा दंड धरला.

"आली, आली! नशीबवान आहात. सांगत होतो ना, आमच्याकडे देवी आहे? नारळ आणा रे!"

"साहेब, मी जिना चढून आलेय," मी म्हणाले. "दम लागलाय."

कुणी ऐकलं नाही. कुंकवाची वाटी आलीच, कुणीतरी कपाळावर बोट ओढलंच. साहेबांनी एका पायातली चप्पल काढली, गमतीनं हातात धरली. "काय आई, आधी ही की आधी नारळ?"

आणि तेव्हा मला खरंच आलं. चप्पल दिसली आणि आलं. मुंग्या, बोटं, सगळं. माझा हात केसांकडे गेला. सवय. पिनेपर्यंत गेला.

तिथून परत आला.

मी उभीच राहिले. कपाटाला टेकले नाही. हात कापत होते, कापू दिले. छाती फुटत होती, फुटू दिली. माहीत होतं, भरती आहे. मी म्हणाले, आणि आवाज माझाच होता, पातळ, कापरा:

"चप्पल पायात घाला, साहेब."

"अहो, गंमत..."

"पायात घाला. माझ्या अंगात कधीच देवी आली नव्हती. मी घाबरायचे. मला आजार आहे, आत्ताही आलाय, बघून घ्या. तुम्ही माझ्या नाकाला चप्पल लावलीत आणि मी तुमच्यासाठी घुमले. आता नाही घुमणार."

कपाळावर आलेलं कुंकू मी हातानं पुसलं. पाहुणे साहेब कॉम्प्युटरकडे बघायला लागले. बर्वे साहेब चप्पल घालायला वाकले, तोल गेला, टेबल धरलं. कुणी हसलं नाही. मला वाटलेलं, या क्षणी फार मोकळं वाटेल. वाटलंही असतं.

पण दारात हौसाबाई होती. झाडू आडवा धरून. हात जोडलेले, ते तसेच अर्धवट उघडलेले.

"कधीच नव्हती?" तिनं विचारलं.

"नाही."

"मंग माझ्या मंदीचं वो?"

पुढच्या रविवारी मी आंबिवलीला गेले. चाळीच्या मधल्या मोकळ्या जागेत पोरं खेळत होती. हौसाबाईचं दार शेवटचं. मंदा उंबऱ्याच्या आत बसून टिकल्या चिकटवत होती, पाकिटांवर, रांगेनं. विशीच्या पुढची मुलगी. पाय सुजल्यासारखे, बसून बसून. तिला नळावर पाठवत नाहीत, लग्न ठरवत नाहीत. छातीत आई आहे. चाळीत तिला नाव आहे, देवीनं बसवलेली.

मी तिच्या बापासमोर सगळं सांगितलं. खोटं बोलले. देवी नव्हती. मुलीला काही झालेलं नाही, तिला धावू द्या, डॉक्टरकडे मी नेते. तो ऐकत होता. बिडी विझवली.

"शब्द आईनं दिला," तो म्हणाला. "तुमच्या तोंडातून दिला, पन दिला आईनं. तो मागं घेनाऱ्या तुम्ही कोन?"

हौसाबाईनं मला भांड्यांच्या कोपऱ्यात ओढलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, पण हात घट्ट धरलेला.

"येकदाच करा बाई. केस सोडा, घुमा, आन म्हना आईनं सोडलं पोरीला. हे लगीच ऐकतील. चाळ ऐकंल. तुमचं काय जातंय? माझी पोर सुटंल."

माझं काय जात होतं? ऑफिसात काय बोलले ते आंबिवलीत कुणाला ऐकू जात होतं? एकदा मान फिरवायची, एक जाड आवाज. शब्द ज्या तोंडानं बांधला त्याच तोंडानं सुटतो, हे आमच्यातही मानतात. आणि माझ्यावर त्या पोरीचं एवढं ओझं होतं, की मी काहीही केलं असतं. मी पिन काढली. केस खांद्यावर आले. बाप उठून उभा राहिला, हात जोडायला.

"केस बांधा."

मंदा होती. मान वर केली नव्हती, टिकली चिकटवत होती.

"मंदे, गप," आई म्हणाली.

"बांधा केस, बाई. देवीनं बसवलं, आता देवीनं उठवलं. मग त्यात मी कुठं हाय?" आता तिनं वर पाहिलं. "छाती माझी. तिच्यात काय होतं ते मला विचारा की. एकानं विचारलं नाही. तुम्ही पण नाही विचारलं."

मी खाली बसले, तिच्यासमोर. केस बांधले. पिन दोनदा पडली.

"काय होतं?" मी विचारलं.

तिनं सांगितलं. शब्द न शब्द माझेच होते. मुंग्या, पंजा, दार बंद झाल्यासारखं. एक गोष्ट मात्र माझ्याकडे नव्हती. ती म्हणाली, "पन शिट्टी वाजली ना, की ती धडधड पायात जायची. मग लई मजा यायची." हे सांगताना ती बापाकडे बघत होती. बाप भिंतीकडे.

ती त्या दिवशी उंबऱ्याबाहेर आली नाही. निघताना म्हणाली, "तुमच्यावर माझा राग आहे. तो जायचा नाही."

"नको जाऊ देऊस," मी म्हणाले.

त्यानंतर मी दर रविवारी जातेय. चाळीच्या तोंडाशी उभी राहते आणि तेच सांगते, माझ्या आवाजात, जो ऐकेल त्याला. मी घाबरणारी बाई आहे. मी खोटं बोलले. पोरीला सोडा. बायका नळावरून कान देतात. काही जणी मला वेड लागलंय म्हणतात, काही म्हणतात देवीचा अपमान करते. मागच्या रविवारी हौसाबाईचा नवरा पुढे आला. "परत दिसलात तर बायका तुमचे केस धरून काढतील हितनं."

तेव्हाही मला आलं. तिथेच, सगळ्यांसमोर. मी उभी राहिले, उतरेपर्यंत. शेवटच्या दारात मंदा उभी राहून बघत होती. उभी होती, एवढंच सांगते. जास्त काही नाही.

उद्या रविवार आहे. आत्या म्हणते, मी पन येतंय. मी नको म्हणाले. हे माझ्या तोंडचं आहे, माझ्याच तोंडानं निघायला हवं. केस आत्ताच बांधून ठेवलेत, घट्ट, तेल लावून. बूट दाराशी आहेत. स्टेशनपासून चाळीपर्यंत चढ आहे, आणि मी तो धावत जाणार आहे.

धरतील केस. धरू देत. सुटले तर तिथेच परत बांधीन, आणि बांधून झाल्यावर परत तेच बोलेन.